पाकिटावरचं गाव

आमच्या घरात बियाण्याचं पाकीट पाठीमागून वाचायची पद्धत आहे. पुढच्या बाजूला चित्र असतं, आणि चित्रातली भेंडी सगळ्याच कंपन्यांची सारखीच हिरवीगार असते. त्यात वाचण्यासारखं काही नसतं. मागे बारीक अक्षरात जातीचं नाव, लॉट नंबर, तपासणीची तारीख, उगवण किती टक्के, आणि अगदी तळाला पत्ता. मी तळापासून वर जाते. जालना, पाचोरा, नागपूर, अकोला, बंगळूर, दिल्ली. एखाद्या पाकिटावर नुसता एका इमारतीचा तिसरा मजला आणि पिनकोड असतो. ते पाकीट मी दुकानदाराच्या हातात परत देते. तो हसतो. म्हणतो, “वहिनी, तुम्हाला बी पाहिजे का सोयरीक जुळवायची?”

आता यात हसण्यासारखं काय आहे? सोयरीक जुळवताना आपण गाव विचारतो, पाणी कसं आहे विचारतो, घरात कुणी काय करतं ते विचारतो. परसात लावलेलं झाड चार महिने आपल्या न्हाणीचं पाणी पिणार आणि आपल्या ताटात येणार. त्याचं गाव विचारलं तर बिघडलं कुठं?

आमचं गाव जाफराबाद तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. जमीन काळी. पाऊस आला तर पोटभर, नाही तर टँकर. घरामागचं परस मोजलं तर गुंठाभरही भरणार नाही. न्हाणीचं आणि भांडी घासायचं पाणी एका चारीनं तिकडं जातं, त्या चारीच्या दोन्ही अंगांना आळी केलेली. एक शेवगा, एक कढीपत्ता, न्हाणीच्या तोंडाशी आळू, गोठ्याच्या पत्र्यावर चढवलेला दोडका, आठ-दहा वांगी, पाच-सहा मिरच्या, कडेनं गवार, आणि दसऱ्यानंतर मेथी-पालक-कोथिंबिरीचे हातभर वाफे. एवढ्याच जागेतून निदान आठ महिने या घराला भाजी विकत आणावी लागत नसे. कापसाचे पैसे उशिरा आले, सोयाबीनचा भाव पडला, तरी संध्याकाळी कालवणाला काय, हा प्रश्न परसानं कधी पडू दिला नाही. शेत घरधन्याचं, परस बाईचं, असा आमच्याकडचा न लिहिलेला सातबारा आहे.

1987 साली मी लग्न होऊन आले तेव्हा या परसाच्या मालकीणबाई आत्याबाई होत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. पाकीट हा प्रकार तेव्हा फक्त शेताला लागायचा. परसाचं सगळं बी घरातच असायचं. माजघराच्या कोपऱ्यात उतरंड होती, तिच्या वरच्या तीन-चार बुटकुल्यांत बियांच्या पुरचुंड्या. पुरचुंडी सुती चिंधीची, आत चाळलेली राख, दोन-चार कडुनिंबाची वाळली पानं, आणि बुटकुल्याच्या तोंडावर शेणामातीचं लिंपण. दोडका आणि दुधी मात्र अख्खेच वाळवून आढ्याला टांगलेले. चुलीच्या धुरानं ते काळपट पडायचे आणि किडा जवळ फिरकायचा नाही. लावायच्या दिवशी दोडक्याचं टोक मोडायचं आणि उलटा करून हलवायचा. बिया खुळखुळत सुपात पडायच्या. पोरं त्यासाठी भांडायची.

आत्याबाईंना शाळा माहीत नव्हती, पण कुठलं फळ बियाण्याला ठेवायचं याची त्यांची परीक्षा कडक होती. पहिला बहर नाही ठेवायचा, शेवटचाही नाही. मधल्या बहरातलं, तेही रोग न लागलेल्या झाडाचं. वांगं पिकून पिवळं पडेपर्यंत झाडावर ठेवायचं. त्याला लाल चिंधी बांधलेली असायची. चिंधी बांधलेल्या फळाला हात लावला तर माझ्या नवऱ्यालाही बोलणं बसायचं. “तुझ्या एका टायमाच्या भाजीपायी पुढल्या सालाचं परस खातू का रं?” असं.

ही सगळी व्यवस्था दुष्काळानं मोडली. 2012 साली पाऊस गेला आणि 2013 च्या उन्हाळ्यात जालना जिल्हा राज्यभर बातम्यांत होता. पिण्याचं पाणी टँकरनं, मग भांडी घासायला राख आणि न्हाणीची चारी कोरडी. परस पडलं. पुढचा एक हंगाम कसाबसा धरला, मग 2014 आणि 2015 ही दोन्ही सालं पुन्हा तशीच. बी नुसतं ठेवून टिकत नाही. त्याला दर साल-दोन सालांनी मातीत जाऊन नवं होऊन यावं लागतं. कांद्याचं बी तर एका वर्षातच दम सोडतं. वांग्या-दोडक्याचं जास्त टिकतं, पण आमच्याकडच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात उतरंडीतलं बीसुद्धा भाजून निघतं. 2016 ला पाऊस चांगला झाला. आत्याबाईंनी मृगात दोडक्याच्या तीस बिया लावल्या, उगवल्या दोन. त्यातला एक वेल शेळीनं खाल्ला. वांग्याचं एकही रोप वर आलं नाही. आठ दिवस त्या रोज सकाळी वाफ्यापाशी उकिडव्या बसून बघायच्या. मग एक दिवस उठल्या आणि म्हणाल्या, “बी म्हातारं झालं माय. माझ्यावाणीच. जा, दुकानातून आण.”

त्या घरात परसासाठी पाकीट आलं ते असं.

आता गंमत सांगते. बियाण्यासाठी आमच्याइतकं नाव क्वचितच दुसऱ्या कुठल्या मुलखाचं असेल. बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 साली महिको काढली ती जालन्यात, आणि त्यांची बियाण्याची सुरुवात झाली ती भेंडीपासून, दिल्लीच्या संशोधन संस्थेच्या पुसा सावनी जातीपासून. पुढे 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज आमच्या जाफराबाद तालुक्यात आणि शेजारच्या देऊळगाव राजाकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हिरवी-पांढरी शेडनेटं दिसतात. नवख्या माणसाला वाटतं, आत भाजी असेल. आत भाजीच असते, पण ती खायची नसते. मिरची, टोमॅटो, काकडी, ढोबळी यांचं बी तयार होतं तिथं, कंपन्यांसाठी. कंपनी नर आणि मादीचं बी मोजून देते, त्यावर नाव नसतं, नुसता आकडा असतो. शेतकऱ्याला विचारलं, कुठली जात आहे, तर तो आकडा सांगतो.

हे बी बायकांच्या बोटांतून येतं. क्रॉसिंग म्हणतात त्याला, आमच्या म्हातार्‍यासुद्धा क्रॉसिंगच म्हणतात. उद्या उमलणारी कळी आज ओळखायची. चिमट्यानं ती हलकेच उघडायची आणि आतले पुंकेसर काढून टाकायचे, मधल्या दांडीला धक्का न लावता. मग नराच्या फुलांचं पराग छोट्या डबीत घेऊन त्या दांडीच्या टोकाला लावायचं. टोमॅटोत खूण म्हणून फुलाच्या बुडाच्या दोन हिरव्या पाकळ्यांची टोकं कापतात, म्हणजे फळ धरल्यावर कळतं, हे आपण केलेलं आणि हे आपोआप धरलेलं. आपोआप धरलेलं तोडून टाकायचं. एका झाडावर अशी पन्नास कामं आणि नेटमध्ये शेकडो झाडं. नजर चांगली पाहिजे, बोटं बारीक पाहिजेत, आणि मान मोडून दिवसभर उभं राहायची सवय पाहिजे. मीही चार हंगाम केलं हे काम. त्या कामानं माझ्या घराला पत्रे आले, खोटं कशाला बोलू.

पण बी निघालं की सगळं कंपनीच्या गाडीत जातं. मग त्याची लागवड करून चाचणी घेतात, जीओटी म्हणतात तिला. त्यात बी शुद्ध निघालं तर पैसे. निघालं नाही तर लॉट नापास, आणि शेतकरी हात चोळत बसतो. आमच्या भावकीतल्या एकाचा मिरचीचा अख्खा लॉट असा गेला. तो म्हणायचा, “मेहनत पास झाली, बी नापास झालं.” कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, करारावर त्याचीच सही होती.

हे सांगायचं कारण असं, की पाकिटावरचा पत्ता हा कंपनीचा असतो, बियाचा नसतो. बंगळूरच्या पाकिटातलं मिरचीचं बी आमच्या आळीतल्या बायकांच्या हातचं असू शकतं. तरी मी पत्ता बघतेच. कारण बी कुठं पिकवलं, यापेक्षा ती जात कुठल्या हवेत निवडली, कुठल्या उन्हात तपासली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जवळच्या कंपनीनं जात बाजारात आणण्याआधी आसपासच्या शिवारात दोन-तीन हंगाम लावून बघितलेली असते. आणि बी उगवलं नाही तर पावती घेऊन भांडायला जाता येतं. तिसऱ्या मजल्याशी कोण भांडणार?

दूरच्या बियाचा एक किस्सा आमच्याकडे चांगला लक्षात आहे. माझा मुलगा पुण्याला असतो. त्यानं मोबाइलवरून परदेशी कांद्याचं बी मागवून दिलं. चित्रात कांदा नारळाएवढा. आत्याबाईंनी कार्तिकात रोप टाकलं, पौषात लावलं, चारीचं पाणी दिलं. पात अशी आली की गुडघ्याएवढी, जाड, निळसर हिरवी. आम्ही रोज खाली चाचपून बघतोय, कांदा काही धरत नाही. चैत्र गेला, वैशाखात पात पिवळी पडली, उपटलं तर खाली लसणाच्या पाकळीएवढी गाठ. आत्याबाई म्हणाल्या, “हा कांदा न्हाई, हे गवत हाय.” नंतर कृषी विज्ञान केंद्रातल्या एका बाईंनी कारण सांगितलं, ते मला फार आवडलं. कांदा दिवस मोजतो. थंड मुलखातल्या जातींना गड्डा धरायला चौदा-सोळा तासांचा दिवस लागतो. तिकडे उन्हाळ्यात तेवढा दिवस असतो. आपल्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास. म्हणजे त्या कांद्याची वेळ आमच्या परसात येणारच नव्हती. तो बिचारा शेवटपर्यंत वाट बघत राहिला. आपल्या बसवंत-780 सारख्या जाती आखूड दिवसावर गड्डा धरतात, त्या इथंच निवडलेल्या. बसवंत म्हणजे पिंपळगाव बसवंत, नाशिककडचं.

तेव्हापासून मला जातीच्या नावातली गावं दिसायला लागली. मांजरी गोटा वांगं पुण्याजवळच्या मांजरीचं. पूना खिरा. कोकण भूषण घेवडा दापोलीच्या विद्यापीठाचा. फुले लावलेल्या सगळ्या जाती राहुरीच्या, महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या. आणि आमची परभणी क्रांती.

भेंडीसाठी मी दुसरीकडे बघत नाही. भेंडीचा वैरी म्हणजे हळद्या. पांढरी माशी तो पसरवते. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग फळंच पिवळी येतात. पुसा सावनी आली तेव्हा हळद्याला टिकायची, पुढे तिची ताकद गेली. मग आमच्या मराठवाडा कृषी विद्यापीठानं त्याच पुसा सावनीचा भेंडीच्या एका जंगली बहिणीशी संकर करून परभणी क्रांती काढली, 1985 साली. ती सरळ जात आहे, हायब्रीड नाही. म्हणजे तिचं बी घरी धरून पुढच्या साली लावलं तर तशीच भेंडी येते. आता चाळीस वर्षांत तिच्यावरही थोडा हळद्या दिसतो. पण परसातल्या पंधरा झाडांत दोन उपटून टाकली तरी घराला पुरते. एकदा पाकीट घेतलं की मी तीन साल बी घरचंच लावते, आणि मग पुन्हा नवं पाकीट घेते. तीन सालांत शेजारच्या शेतातल्या भेंडीचं पराग माशा आणतातच.

मिरचीत मात्र मी हायब्रीड लावते, आणि ते सांगताना मला लाज वाटत नाही. गावरान मिरचीला आमच्याकडे चुरडामुरडा असा लागतो की झाड बोकडाच्या कानासारखं होऊन बसतं. गावरान गावरान म्हणून छाती बडवणाऱ्यांनी एकदा माझी तीन सालं बघायला हवी होती. टोमॅटोत उलटं. हायब्रीड टोमॅटो वाशीच्या मार्केटपर्यंत ट्रकमध्ये न फुटता जावा म्हणून केलेला. जाड सालीचा, एका वेळी तोडणीला येणारा. मला ट्रक भरायचा नाही. मला रोज चार टोमॅटो पाहिजेत, पातळ सालीचे, आंबट, आमटीत विरघळणारे. आणि दहा ग्रॅमच्या पाकिटात तीन हजारांच्या आसपास बिया असतात. मला झाडं पाहिजेत सहा! ही पाकिटं परसासाठी केलेलीच नाहीत. म्हणून आम्ही चार घरं मिळून एक पाकीट घेतो आणि आणल्या दिवशीच वाटून टाकतो, शिल्लक ठेवत नाही.

घेताना काय बघायचं हे बायका मला विचारतात. मी सांगते, आधी तारीख बघा. तपासणीच्या तारखेपासून साधारण नऊ महिन्यांची मुदत लिहिलेली असते. मृगाला बी घ्यायचं आणि मुदत श्रावणात संपते, असलं पाकीट दुकानदार हमखास पुढे सरकवतो. मग उगवणीचा आकडा. भेंडीला कमीत कमी 65 टक्के लागते, वांगी-टोमॅटोला 70, मिरचीला आणि वेलवर्गीयांना 60. निळी चिठ्ठी असली तर ते प्रमाणित बी, म्हणजे सरकारी यंत्रणेनं शेतात येऊन तपासलेलं. भाजीच्या पाकिटावर ती फारशी दिसत नाही. तिथं बहुतेक कंपनीच्याच जबाबदारीवरचं लेबल असतं, त्यात वाईट काही नाही, फक्त जबाबदार कोण ते नाव-पत्त्यासह असावं. आणि गुलाबी-निळं रंगवलेलं बी पोरांच्या हाताला लागू द्यायचं नाही, कोंबड्यांपुढं पडू द्यायचं नाही, ते औषध लावलेलं असतं. एवढं केलं तरी घरी येऊन ओल्या फडक्यात वीस बिया बांधून ठेवते मी. पाच-सहा दिवसांत किती मोड आले ते मोजायचं. पाकिटावरच्या आकड्यावर विश्वास आहे, पण फडक्यावर जास्त आहे.

आठवडी बाजारात एक म्हातारी बसते, तिचं बी बुचानं मोजून मिळतं. तिच्याकडे ना तारीख ना पत्ता. कायदा तिच्या बाजूचा आहे. 2001 च्या कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचं बी ठेवायचा, वाटायचा, विकायचाही हक्क दिला आहे, फक्त कंपनीसारखं ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. मी तिच्याकडून मेथी, कोथिंबीर, गवार घेते. वेलवर्गीय घेत नाही. दुधीचं बी तर अनोळखी हातचं कधीच नाही. कारण कडू दुधी. परसाच्या कुंपणावर कुठंतरी कडू भोपळ्याचा वेल असतो, माशा त्याचं पराग गोड दुधीच्या फुलावर आणतात. त्या साली फळ गोडच येतं, म्हणून कुणाला कळत नाही. त्या फळाच्या बियातून पुढच्या साली जो वेल येतो त्याचे दुधी कडू. आणि कडू दुधी म्हणजे नुसता तोंड वाकडं करण्याचा विषय नाही, ते विष आहे. रस काढून प्यायलेली माणसं दगावली आहेत. आमच्याकडे दुधी चिरला की आधी एक काप जिभेला लावून थुंकायची पद्धत आहे, ती आत्याबाईंची. पाकिटाच्या बियातून आलेला असला तरी.

राहीबाई पोपेऱ्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या बचत गटात मोठी चर्चा झाली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या या बाईनं शाळेचं तोंड न बघता घरात बियाण्याची बँक उभी केली. बायकांनी टीव्हीवर त्यांची मडकी पाहिली आणि एकीनं म्हटलं, “हे तर आपल्या म्हाताऱ्या करतच व्हत्या!” ती चूक बोलत नव्हती. फरक एवढाच, की आमच्या म्हाताऱ्यांबरोबर मडकी गेली. गटानं ठरवलं की त्यांच्याकडचं बी आणायचं. मी म्हटलं, आणा, पण सगळं येईल असं धरू नका. तो सह्याद्रीच्या कुशीतला मुलूख, तिथला पाऊस वेगळा, दव वेगळं. त्यांचं बी त्यांच्या डोंगराला सरावलेलं. शिकायचं ते त्यांची पद्धत. बी आपलं शोधावं.

आपलं शोधायचं म्हणजे कुठं? ते मिळालं मात्र विचित्र ठिकाणी. माझी थोरली नणंद चिखलीकडे दिलेली. 2017 च्या दिवाळीत आत्याबाई आजारी म्हणून ती आली, येताना पिशवीत वांगी घेऊन आली. काटेरी, हिरवट जांभळी, बुटकी. आत्याबाई पडूनच होत्या. मी एक वांगं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी देठाचा काटा बोटानं दाबून बघितला, फळ कानाशी नेऊन दाबलं आणि म्हणाल्या, “हे माझं हाय.” नणंद म्हणाली, “तुझंच. लग्नात ओटीत पुरचुंडी घातली व्हतीस ना.” तीस-पस्तीस वर्षं त्या बाईनं ते दर साल लावलं होतं. तिच्या विहिरीला दुष्काळातही कळशी-दोन कळशी पाणी राहायचं, त्यातलं दोन तांबे वांग्याला जायचं. नवरा ओरडायचा म्हणे. आत्याबाई पुढे दीड वर्ष होत्या, त्यांनी त्या वांग्याचं भरीत दोन हिवाळे खाल्लं.

यंदा गटातल्या बावीस घरांनी परस धरायचं ठरवलं आहे. उमेदच्या बाईंनी गोल वाफ्यांचा नकाशा दिला, तो चांगला आहे. बियाण्याची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. तयार संच मिळतो, स्वस्तही पडतो, पण त्यात काय काय असतं ते उघडल्यावर बघितलं. निम्म्या पुड्या हायब्रीड, म्हणजे पहिल्या साली उत्तम आणि दुसऱ्या साली पुन्हा विकत. गटात चार बायका अशा आहेत की पुढच्या साली पन्नास रुपयेसुद्धा बियाण्याला निघतील याची खात्री नाही. एकीला घरधनी नाही, दोन पोरं आहेत, तिच्यासाठी परस म्हणजे हौस नाही. म्हणून बरीच वादावादी झाल्यावर यादी ठरली ती अशी. भेंडी परभणीची. मेथी-कोथिंबीर-गवार बाजारातल्या म्हातारीकडून, आधी फडक्यात तपासून. कारल्याचं राहुरीच्या फुले ग्रीन गोल्डचं पाकीट, कारण तिचंही बी धरता येतं. मिरची जवळच्या कंपनीची हायब्रीड, पण बी न घेता रोपवाटिकेतून रोपंच घ्यायची, घरटी सहा. टोमॅटोवर अजून दोन मतं आहेत. नेटवर कामाला जाणाऱ्या बायका हायब्रीडच म्हणतात, त्यांच्या हातानं झालेलं ते, त्यांना त्याचा भरवसा वाटतो. मी त्यांना काय सांगणार?

वांगं आमचं. वाफा मी टाकणार आहे, बावीस घरांना पुरेल एवढा. घरटी पाच रोपं, आणि प्रत्येक घरानं एका फळाला चिंधी बांधायची, एवढी अट.

दोडक्याचं मात्र राहिलं आहे. आत्याबाईंचा तो लांब, बारीक शिरांचा दोडका चिखलीलाही नाही. नणंदेनं तो कधी नेलाच नव्हता. पण तिच्या जावेच्या माहेरी, सिल्लोडकडे, तसाच एक वेल आहे असं ती म्हणते. मृगाला बारा दिवस आहेत. काल फोन केला तर म्हणाली, बी आहे, पण एसटीच्या कंडक्टरजवळ देणार नाही. कुणीतरी घ्यायला या.